पंखावर सरकलेला ‘न’

माझ्या धाकट्या बहिणीबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे. मला सवय नाही, तेव्हा सांभाळून घ्यावं.

ती लढाऊ विमानांच्या कारखान्यात अक्षरं रंगवायची. ‘येथून इंधन भरा’, ‘हात लावू नये’ असली. सगळे तिला अक्षरबाई म्हणत. मी त्याच शेडमध्ये शिड्या ढकलायच्या कामावर होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आपल्या हवाई दलाची विमानं पुरी होत आली होती. पुढे आणखी बनवून मित्रदेशाला विकायची की नाही, यावर वर खल चालला होता. नाही ठरलं तर रंगकाम बंद आणि अक्षरबाईची रवानगी पॅकिंगला, खोक्यांवर बाण छापायला. तिनं त्याचा धसकाच घेतला होता.

घरी वेगळीच आघाडी उघडलेली. मेहुणे शाळेत भूगोल शिकवायचे आणि विक्रीला त्यांचा कडवा विरोध.

“आपलं सगळ्यांत भारी विमान दुसऱ्याच्या हाती? आजचा मित्र उद्या कुणाच्या गळ्यात गळे घालेल, सांगता येतं?”

“अहो, मित्र दुबळा राहिला तर त्याच्या मदतीला धावणार कोण? आपलीच पोरं ना? आणि जास्त बनवली की एकेक स्वस्तही पडतं.”

“म्हणजे तुझ्या ब्रशापायी देशाची गुपितं विकायची!”

“ब्रशावर जाऊ नका, नाहीतर झोपेत तुमच्या कपाळावर ‘ज्वालाग्राही’ लिहून ठेवीन.”

मी खाली मान घालून जेवायचो. मला दोघांचंही पटायचं. हा माझा जुनाच आजार.

अखेर मित्रदेशाचे अधिकारी नमुन्याचं विमान बघायला येणार असं ठरलं. साचे तयार नव्हते, म्हणून बहिणीनं अक्षरं हातानंच काढली. पंखाच्या मागच्या हलत्या पट्टीवर लिहायचं होतं, ‘येथे पाय ठेवू नये’. तिथला पत्रा नाजूक असतो. आता रंगवणाऱ्यांचा एक नियम आहे: अक्षर दोन पत्र्यांच्या जोडावर येऊ द्यायचं नाही, रंग तडकतो. ‘न’ नेमका जोडावर येत होता. तिनं तो जरासा डावीकडे घेतला. “दादा, कसं दिसतंय?” तिनं वरून विचारलं. मी म्हटलं, “झकास!” दिसतही होतं झकासच.

पाहुण्यांतले मुख्य अधिकारी गोलमटोल, हसरे. खास या भेटीसाठी आपली भाषा शिकून आलेले, आणि शिकलेलं कुठे वापरू असं त्यांना झालेलं. शिडीवरून येताजाता ते प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होते. पंखावर चढले, वाकले आणि वाचलं, “येथे पाय... ठेवून... ये.”

आमचे साहेब खालून ओरडेपर्यंत त्यांनी आज्ञाधारकपणे बूट टेकवलासुद्धा. कट्ट! पत्र्याला चांगला वाटीएवढा पोचा पडला.

“ठेवला,” अधिकारी गंभीरपणे म्हणाले. “पण पाय इथे ठेवून मी येऊ कसा?”

साहेबांचा चेहरा खडूसारखा पांढरा. बहीण मात्र सरसर शिडी चढली. “साहेब, चूक माझी आहे. ‘न’ जोडावर येत होता, मी सरकवला. तो ‘ठेवू’ला जाऊन चिकटला.” तिनं बोटानं ‘न’ची खरी जागा दाखवली. पाहुण्यांना आधी उमगेना. मग उमगलं, आणि ते विमानाच्या शेपटीला धरून असे हसायला लागले की त्यांच्या माणसांनी त्यांना कमरेला धरलं. साहेब हसावं की राजीनामा द्यावा या विचारात.

डोळे पुसून पाहुण्यांनी तिला विचारलं, “बाई, खरं सांगा. हे विमान आम्हाला द्यावं का?”

हिचं रंगकाम या एका उत्तरावर!

“द्यावं,” ती म्हणाली. “पण कुठे पाय ठेवायचा नाही ते आधीच लिहून द्यावं. आणि नीट अंतर सोडून.”

यावर पाहुणे हसले नाहीत. त्यांनी हळूच मान डोलावली.

रात्री मेहुण्यांनी सगळं ऐकलं, पोट धरून हसले आणि मग म्हणाले, “पण लिहिलेलं त्यांनी नाहीच पाळलं तर?” बहिणीनं त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढली. मला पुन्हा दोघांचंही पटलं.

काही महिन्यांनी करार झाला. विमानं तिसऱ्या कुणाला द्यायची नाहीत, आणि अशा आणखी कितीतरी अटी.

“म्हणजे अर्धा मी जिंकलो,” मेहुणे म्हणाले.

“मग आजपासून अर्धा स्वयंपाक तुमचा!”

पॅकिंगचं संकट टळलं. पहिलं विमान रंगवायला आलं, तेव्हा पाट्या पाहुण्यांच्या लिपीत हव्या होत्या. ते गोलमटोल अधिकारी स्वतः हजर. बहीण कागद बघून एकेक वळण काढायची, ते खालून वाचायचे आणि अंगठा वर करायचे. अंतर बरोबर, जोड चुकवलेला, सगळं बिनचूक. शेवटचं वळण काढून तिनं माझ्याकडे पाहिलं. हसून हसून डोळ्यांत पाणी.

“दादा,” ती वरून ओरडली, “मी काय लिहिलंय ते मला काही म्हणजे काही कळत नाहीये!”