एल्स्पेट डावीकडे वळली

एल्स्पेट रन्सीला घाबरलेलं मी कधी पाहिलं नाही. वडील गेल्यावर तिने त्यांची होडी स्वतः चालवायला घेतली, तेव्हा ईशान्य स्कॉटलंडातल्या आमच्या लहानशा बंदरात म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. तिने तिकडे बघितलंच नाही. शेवंडं कुठे सापडतात हे तिला ठाऊक होतं.

त्या मार्चमध्ये एक वादळ सरलं होतं आणि दुसरं संध्याकाळी येणार होतं. शेवंडं पकडायचे तिचे सगळे पिंजरे खडकांजवळ पाण्यात होते. ते त्या दिवशी उचलले नसते तर फुटले असते आणि हंगाम बुडाला असता. मी मदतीला गेले. साहित्याची पदवी घेऊन घरी बसले होते, हात रिकामेच होते.

आमच्याकडे निघताना होडी सूर्याच्या चालीने, म्हणजे उजवीकडे वळते; उलट वळलेली होडी घरी परत येत नाही, असं मानतात. पण वादळाने त्याच बाजूला वाळू आणून टाकली होती.

‘डावीकडून काढते,’ एल्स्पेट म्हणाली.

तिचा चुलतभाऊ डॉड होडीतून परत धक्क्यावर चढला. ‘विडरशिन्स? सूर्याच्या उलट? मी नाही येत. आजोबा असते तर...’

‘तर वाळूत रुतून बसले असते. डॉड, पिंजरे ओढायला तू हवास.’

‘या पंडितबाईंना ने की!’

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पिंजरा मी कधी उचलला नव्हता. जे येत होतं ते बोलले.

‘तो शब्द जर्मन किनाऱ्याकडून आला. अर्थ एवढाच, उलट्या बाजूने. पाचशे वर्षांपूर्वी भीतीने केस ताठ झाले की आपले लोक म्हणायचे, विडरशिन्स उभे राहिले. सूर्याचा संबंध त्यात मागाहून आला. चेटकिणी नि अपशकुन त्याच्याही नंतर.’

‘केस?’ एल्स्पेटने डॉडच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहिलं. ‘मग तुला कसली रे भीती? उतर खाली.’

डॉडला हसू आवरलं नाही. शिव्या देत तो उतरला.

तिने होडी डावीकडे वळवली. डॉडने डोळे मिटले. वाळू हातभर अंतरावरून मागे गेली.

खोल पाण्यात पोचल्यावर पिंजऱ्यांकडे जायचं सोडून तिने होडी उजवीकडे फिरवली. पूर्ण एक फेरा. मी बघतच राहिले.

‘माझ्यासाठी केलंस?’ डॉडने विचारलं.

‘तुझ्यासाठी कशाला? मलाही घरी परत यायचंय.’