नॉटविथस्टँडिंग आणि शेटजींचा बांबू

"आंधी तोडा, मंग ठोका!" असं म्हणून आमचे इंग्रजीचे सर डावा पाय आपटायचे. लांबलचक शब्दाचे आधी तुकडे पाडायचे आणि ज्या तुकड्यावर जोर, तिथे पाय ठोकायचा. विलायतेतही असंच शिकवतात म्हणे. सरांनी विलायत सोडा, मुंबईसुद्धा पाहिली नव्हती.

मी त्याच शाळेत गणित शिकवायचो. आर्णीत तेव्हा शाळेला जागा अपुरी, म्हणून आठवीचा वर्ग एका किराणा दुकानाच्या माडीवर भरायचा. सरांचा लाडका शब्द 'नॉटविथस्टँडिंग'. चार तुकडे, जोर तिसऱ्यावर. नॉट, विथ, स्टँ! वीस पोरांचे पाय एकदम पडायचे आणि माडीच्या फळ्यांमधली माती थेट खाली, दुकानवाल्या शेटजींच्या गुळावर. लगेच खालून बांबू छताला, ठक्! "मास्तर, पोट्टे शिकवून राह्यले का बैल नाचवून राह्यले?"

तीन वर्षं सर तात्पुरतेच होते. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे तपासणीवर ठरणार होतं. नेमकं त्याच आठवड्यात शेटजींनी बजावलं, "आता माती पडली, तं माडी खाली करा." सरांनी पाय आपटायला बंदी केली.

तपासणीचे साहेब आले. सरांनी हौसेने फळ्यावर तोच शब्द लिहून ठेवला होता. तुम्हीही असे हौशी मास्तर पाहिले असतील. साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं.

"नॉट... विथ..." आणि ती गप्प. पायाशिवाय पुढचा तुकडा तिच्या तोंडातून निघेना. सगळा वर्ग पाय आवळून बसलेला. सरांचा सदरा घामाने भिजला, दारात उभ्या माझाही. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात खालून बांबू वाजला. ठक्!

"स्टँ!" अख्खा वर्ग ओरडला आणि पाय पडले. "डिंग!" साहेब खुर्चीतून अर्धे उठले, मग पोट धरून हसले.

संध्याकाळी सर गूळ झाकायला स्वतःचं जुनं धोतर घेऊन खाली गेले. शेटजी म्हणाले, "तीन सालापासून आयकून राह्यलो, मास्तर. मधातच थांबलं तं मले चैन पडते काय?"

सर कायम झाले. पण त्याच हुकमात बदली होती, बोरी अरबला. मला त्या कागदाचा आजही राग येतो.

नवे मास्तर सभ्य होते, त्यांचे पाय कधी हलले नाहीत. गूळ स्वच्छ राहू लागला. महिनाभराने मी माडीवर गणित घेत होतो, तर खालून बांबू वाजला. ठक्. थोड्या वेळाने पुन्हा, जरा हळू.

मुलं माझ्याकडे बघू लागली. मी गणिताचा मास्तर, पण डावा पाय आपटलाच. माती पडली असणार. खालून कोणी ओरडलं नाही.