मामांच्या हातावरचे चार प्लॉट

छापील मजकुरावर ज्याने जन्मात कधी विश्वास ठेवला नाही असा साऱ्या पुणे जिल्ह्यात एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा दौंड तालुक्यातल्या राहूचे. थोडा ऊस, बराचसा झेंडू आणि कडेला डाळिंबाची बाग, असा त्यांचा पसारा. बियाण्याच्या पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, मामा आधी त्याची एकच सरी लावणार, शेजारच्या सरीत दुसऱ्या कंपनीचं बी टाकणार आणि तिसरी सरी घरच्या बियाण्याची ठेवणार. या तिसरीला ते ‘कंट्रोल’ म्हणतात. शेती खात्याच्या कुणा साहेबांनी हा शब्द एकदा त्यांच्या बांधावर उच्चारला आणि मामा तो घरी घेऊन आले. तेव्हापासून त्या घरात चहाच्या पावडरीपासून दाढीच्या ब्लेडपर्यंत सगळ्याला कंट्रोल असतो. माझ्या लग्नात ते डाव्या पायात एका कंपनीची आणि उजव्या पायात दुसऱ्या कंपनीची चप्पल घालून आले होते. गर्दीत बिचाऱ्यांची चप्पल बदलली असं समजून माझे वडील मांडवाबाहेर वाकून वाकून जोड शोधू लागले. मामा शांतपणे म्हणाले, “ऱ्हाऊ द्या पाव्हनं, दिवाळीपतुर चालू हाय. सध्या डावी पुढं हाय.”

अशा माणसाच्या तोंडी सनस्क्रीन हा शब्द यायचं खरं तर काही कारण नव्हतं. तो आला मामींमुळे. मामी म्हणजे राहूतलं सगळ्यात मोठं हसू. त्या झेंडूत हसल्या की ओढ्यापलीकडच्या रानातल्या बाया हातातलं काम थांबवून विचारायच्या, काय झालं म्हणून. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कपाळावर आणि हातांवर पांढरे डाग आले. दुखत-खुपत काही नव्हतं, पण त्या कातडीला ऊन सोसायचं बळ राहत नाही. तासाभरात ती लाल व्हायची आणि रात्रभर आग करायची. डॉक्टरांनी सनस्क्रीन दिलं, तर मामींना घाम एवढा की ते कपाळावरून निथळून डोळ्यांत जायचं आणि डोळे चुरचुरायचे. मग डॉक्टर म्हणाले, झिंकचं घ्या, मिनरल म्हणतात ते. ते डोळ्यांना झोंबेना, पण घामाबरोबर वाहून सगळं पदराला लागायला लागलं. शेवटी मामींनी रानात जाणंच सोडलं. पडवीत बसून त्या बायांनी तोडून आणलेल्या फुलांचे हार ओवायच्या. माझं शिरूरला एसटी स्टँडमागे औषधाचं दुकान आहे. एका दुपारी मामा तिथे आले, काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली आणि म्हणाले, “जावईबापू, तुमची मामी हसायची बंद झालीया. घामात टिकणारं झिंकचं जेवढं म्हणून हाय तेवढं काढा.”

मी चार ट्यूब काढल्या आणि दुकानदाराच्या सवयीने एकीवरचं वाचून दाखवलं की हे पाण्यात आणि घामात टिकतं. मामांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “कुनाच्या घामात? एशीत बसल्याल्या मानसाच्या?” तिथेच त्यांनी शर्टाची बाही वर सारली, माझं बॉलपेन घेतलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत चार चौकोन आखले. एक, दोन, तीन आणि काहीच न लावायचा कंट्रोल. चौथी ट्यूब उजव्या हातासाठी राखीव ठेवली. पुढचा सबंध उन्हाळा त्यांनी तो हात उन्हात मिरवला. आता ऊन राहूत काही कमी नाही, पण नुसत्या उन्हाने मामांचं समाधान होईना, कारण स्वतः मामांना घाम फारसा येत नाही. मामीचा घाम आणायचा कुठून? यावर त्यांनी शोधलेला उपाय फक्त आमच्याच भागातल्या माणसाला सुचू शकतो. ते गावाबाहेरच्या गुऱ्हाळावर जाऊन रस उकळणाऱ्या कढईशेजारी उभे राहू लागले. अर्धा तास चुलाणाची धग घ्यायची, अंगाच्या धारा लागल्या की बाहेर येऊन पाऊण तास उन्हात हात पसरून उभं राहायचं, पुन्हा आत. गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातले कामगार. त्यातल्या एकाने न राहवून विचारलं, “चाचा, घर में झगडा हुआ क्या?” मामांनी त्याला हातावरचे चौकोन दाखवून सगळी योजना समजावून सांगितली. दुसऱ्या दिवसापासून तो कामगारही रोज सकाळी आधी मामांचा हात बघायचा आणि मग चुलाण पेटवायचा.

मीही यात कधी ओढला गेलो ते कळलं नाही. दर आठवड्याला मामा निकाल घेऊन यायचे आणि मी गिऱ्हाईक थांबवून त्यांचा हात उजेडात धरायचो. कंट्रोल दिवसेंदिवस काळा पडत होता, एक नंबर त्याच्या मागोमाग होता, दोन नंबर मात्र नेट धरून होता. एकदा तीन नंबरवर टपोरे फोड आले. मी घाबरून विचारलं, हे काय लावलंत? मामा जरा वरमले. पानावर औषध चिकटून राहावं म्हणून फवारणीत स्टिकर घालतात, त्याचे दोन थेंब त्यांनी क्रीममध्ये मिसळले होते. “डाळिंबाला चालतंय, म्हनलं मला चालंल.” मी कपाळाला हात लावला आणि मलम दिलं. त्यांनी वहीत नोंद केली, ‘तीन नंबर जळाला, चूक आपली.’ नंतर मला एकट्याला गाठून म्हणाले, “तिला लावन्याआदी मला लावलं, हे बरं झालं का न्हाई?”

मृग लागायच्या सुमाराला दोन नंबर जिंकला. नुसता जिंकला नाही, तर मामांनी त्याची मशागतही ठरवून टाकली. लावल्यावर लगेच रानात जायचं नाही, अंगावर ते पाव तास नीट बसू द्यायचं. पेरणीआधी ओल मुरून जमिनीला वाफसा यावा लागतो तसा कातडीलाही यावा लागतो. घाम आला तर पदराने खसाखसा पुसायचा नाही, फडकं नुसतं टेकवायचं. दोन तासांनी पुन्हा हात फिरवायचा. एवढं सगळं मी माझ्या गिऱ्हाइकांना आजही जसंच्या तसं सांगतो. मोठ्या ऐटीत मामा ट्यूब घेऊन घरी गेले, आणि चार दिवसांनी परत आले तेव्हा स्टुलावर येऊन बसले. बाही खाली होती. हे मी प्रथमच पाहत होतो.

दोन नंबरमध्ये झिंक भरपूर, त्यामुळे ते टिकत होतं. पण त्यामुळेच तोंडावर पांढरा थरही बसत होता. हातावरच्या चौकोनात मामांना त्याचं काही वाटलं नव्हतं. मामींनी ते चेहऱ्याला लावलं आणि आरशात पाहिलं. “आदी कपाळच पांढरं हुतं,” त्या म्हणाल्या, “तुमी समदं त्वांड केलंत.” मग तोंड धुऊन त्या हार ओवायला बसल्या. मामा मला म्हणाले, “मी समजत हुतो तिला उन्हाचं भ्या हाय. तिला मानसांच्या डोळ्यांचं भ्या हाय, जावईबापू. त्याला काय लावायचं?” मी कातडीच्या रंगात मिसळणाऱ्या क्रीमची एक ट्यूब पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, परत ठेवली आणि घरी गेले. दसरा तोंडावर आला तेव्हा पुन्हा दुकानात आले आणि एकदम म्हणाले, “दोन नंबरच्या धा ट्यूबा द्या.”

दसऱ्याच्या आधी झेंडूची तोडणी अंगावर येते. ऑक्टोबरचं ऊन तर विचारूच नका. मी फुलं न्यायला म्हणून त्या सकाळी राहूला गेलो होतो, म्हणून पुढचं मला डोळ्यांनी बघता आलं. मामा स्वतःच्या अख्ख्या तोंडाला दोन नंबर फासून बांधावर उभे होते. तोडणीच्या बायांची मुकादम पारूबाई म्हणून आहे, तिने तोंडाला पदर लावला. “आबा, ह्ये काय सोंग?” मामांनी ऊन, घाम, वाफसा सगळं सांगितलं. तिने पदर खाली घेतला. मग म्हणाली, “आन् आमाला ऊन लागत न्हाई व्हय? वीस वर्सं झाली तोडतीया, आमचं त्वांड कुनी इचारलं न्हाई. आना हिकडं.” मामांनी दहाही ट्यूब तिच्या ओंजळीत टाकल्या. बायांनी एकमेकींना लावून दिलं, आणि वाफसा येईपर्यंत दहाबारा पांढरी तोंडं बांधावर ओळीने बसून राहिली.

तोडणी सुरू होईना म्हणून मामी ओरडायलाच घरातून निघाल्या. बांधाजवळ आल्या आणि थबकल्या. पारूबाईने आपल्या बोटांवरचं उरलेलं क्रीम त्यांच्या कपाळावर आणि गालांवर ओढलं. “बसा वैनी, पंदरा मिंटं थांबायचं अस्तंय म्हनं.” मामी बसल्या.

मी गाडीतून रिकाम्या पिशव्या घेऊन परत आलो तोवर सगळ्या झेंडूत उतरल्या होत्या. पिवळ्या फुलांत वाकलेली सगळी पांढरी तोंडं, कुणाचं कपाळ कसलं हे कळायला मार्ग नव्हता. मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी बाही वर सारली होती आणि हातावर उन्हाने उमटलेले चौकोन आता पुसट होत आले होते. यातल्या मामी कोणत्या, मी विचारलं. मामांनी रानाकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून ते जरा वेळ नुसते ऐकत राहिले.

“थांबा वाईच,” म्हणाले, “आत्ता हसंल.”