ब्लिचिंग पावडरमध्ये धुतलेला पाला

मुलाला कोरोना झाला म्हणून पालिकेच्या गाडीतून नेलं त्याला पाच दिवस झाले होते. दाराला आडवे बांबू बांधले होते आणि आम्हा दोघांच्या हातांवर शिक्के मारले होते. तुर्भ्याच्या आमच्या बैठ्या चाळीत पहिलं बंद झालेलं घर आमचं. आत मी, नवरा आणि एक शेळी.

शेळी नवऱ्याची, माझ्या म्हाताऱ्याची. त्याने आयुष्यभर भाजी मार्केटात पोती वाहिली. काम सुटल्यावर घरात बसवेना म्हणून शेळी घेतली. मार्केटात गाड्या खाली झाल्या की फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पानं तिथेच पडून राहतात. ती पोत्यात भरून आणायची आणि शेळीला घालायची. चाळीतली मार्केटवाल्यांची चार-पाच घरं अशाच शेळ्या पाळत. मला तिचं कौतुक नव्हतं. लेंड्या मलाच झाडाव्या लागत.

मुलाला नेल्यापासून म्हातारा माझ्याशी बोलेना. भाकरी अर्धी खायचा, उरलेली शेळीला द्यायचा. बोलायचा तेही तिच्याशीच. "आज पोराचा फोन नाही आला गं," असं तिला सांगायचा आणि मी चुलीपाशी बसून ऐकायचे. पहिले दोन दिवस मला राग आला. मग दिसलं की तिला पाणी पाजायचं म्हणूनच तो सकाळी अंथरूण सोडतो. तिच्या पाठीवर हात ठेवून बसला की त्याचा श्वास जरा सावकाश चाले. माझ्याजवळ बसून तसं होत नव्हतं.

पाला शेजारीण आणायची आणि बांबूपलीकडून आत टाकायची. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवा, असं तेव्हा जो तो सांगत होता. पालिकेची माणसं गटारात टाकायला ब्लिचिंग पावडर देऊन गेली होती. तिचं पाणी करून मी दुधाची पिशवी पुसायचे, भाजीही त्यातच धुवायचे. त्या सकाळी वाटलं, मार्केटातल्या पाल्याला किती जणांचे हात लागले असतील, आणि म्हातारा सारखा शेळीच्या तोंडाला हात लावतो. पाला बादलीत बुडवला आणि ओलाच तिच्यापुढे टाकला.

तासाभरात तिची डावी कूस फुगली. ती बसायची, उठायची, कण्हायची. म्हाताऱ्याने पोटावर बोटं वाजवून बघितली. पाच दिवसांत पहिल्यांदा तो माझ्याकडे वळून बोलला.

"काय खाल्लं हिनं?"

"पालाच."

मी मोरीत गेले आणि बादली ओतून टाकली.

गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, बंद केलेल्या गल्लीत मला सोडणार नाहीत. गोडं तेल पाजा, बसू देऊ नका, चालवत ठेवा. दुपारपर्यंत पोट उतरलं नाही तर बघू. काय बघू ते त्याने सांगितलं नाही.

म्हाताऱ्याने तेल पाजलं. माझं लाटणं तिच्या तोंडात आडवं धरून सुतळीने शिंगांना बांधलं. गावाकडे कडुनिंबाची काठी बांधतात. शेळी ती चघळत राहिली की पोटातला वारा सुटतो. पण चालवायची कुठे? आमची खोली दहा पावलांची. तो शेळीची दोरी घेऊन बांबूखालून वाकला. गल्लीच्या तोंडाशी बसलेला पालिकेचा माणूस धावत आला.

"बाबा, आत व्हा. हातावर शिक्का हाय तुमच्या."

"शेळीच्या नाय."

"मग शेळी जाऊ दे. तुम्ही नाय."

"एकटी फिरायला जाती व्हय रं ती?"

समोरून शेजारीण आली. हातमोजे म्हणून दोन्ही हातांना दुधाच्या पिशव्या बांधल्या होत्या. "काका, दोरी टाका इकडं."

तिचा नवरा आतून ओरडला, "येडी झालीस का? पॉझिटिव्ह घरातली दोरी हाय ती."

"तुमी टीव्ही बघा," ती म्हणाली आणि शेळीला घेऊन निघाली.

ती गल्लीत शेळीला वर-खाली चालवत होती. म्हातारा बांबू धरून आतून ओरडत होता. "बसू दिऊ नको. वढ तिला." नळापाशी शेळीने पुढचे पाय मुडपले. शेजारणीने कशीबशी उठवली. ती पुन्हा बसली. म्हातारा बांबूवरून अर्धा बाहेर वाकला. मी विचार केला, ही मेली तर उद्या हा उठणार नाही. आणि कशाने मेली ते मला एकटीला माहीत असेल.

"पाला मी पावडरच्या पाण्यात धुतला," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "किती टाकलीस?"

"मूठभर."

तो पुन्हा गल्लीकडे, शेजारणीला ओरडला, "सूनबाई, डावं पोट चोळ. जोरानं."

शेजारणीने गुडघे टेकले आणि चोळायला लागली. बारा वाजून गेले. ऊन पत्र्यावर आलं. मग शेळीने मान ताणली आणि मोठा ढेकर दिला. शेजारणीने तोंड फिरवलं. "आई गं, काय घाण वास." पाठोपाठ दुसरा ढेकर आला. मग मागूनही वारा सुटला. पालिकेचा माणूस हसला आणि लांब जाऊन बसला.

शेळी आत आली तेव्हा पोट निम्मं उतरलं होतं. म्हाताऱ्याने लाटणं सोडलं. सुतळी गुंडाळता गुंडाळता त्याने विचारलं,

"भाजीलाबी तेच पाणी?"

"हो."

"मला वाटलं मलाबी झालं. तोंडाला चवच नव्हती. समद्याला एकच वास."

माझ्या हातांनाच तो वास भरलेला, मला वेगळा कळला नव्हता. पाच दिवस तो हे मनात घेऊन बसला होता. गाडी येईल, त्यालाही नेतील, मग मी एकटी राहीन. हे त्याने शेळीला सांगितलं असेल, माझ्या माघारी.

"बोलायचं नाही का?" मी म्हणाले.

"आन् तू बोलली असतीस?"

मी उठले. उरलेली पावडर गटारात टाकली आणि वांगी साध्या पाण्याने धुऊन भाजी केली. त्याने पहिला घास तोंडात घेतला, थांबला, मग दोनदा वाढून घेतली.

मुलगा आठवड्याने चालत घरी आला. त्याआधी, तिसऱ्या दिवशी शेळीने खायला तोंड उघडलं. म्हाताऱ्याने एकेक पान आधी स्वतः हुंगलं, मग तिला दिलं.