बकरीच्या दातातला मसाला

"आठ दिवस थांबवलं, अन् आताही दाढ भरत नाही काऊन बे?" जानेफळच्या बाजारात मी ओरडत होतो. नव्या महाराष्ट्राचं ते पहिलंच वर्ष, आणि माझा गाल असा सुजलेला की त्याच्या सावलीत दोन बैलजोड्या बसल्या होत्या.

रस्त्याकडेचा तो दातवाला दाढेसाठी केलेला नवा मसाला आधी स्वतःच्या बकरीच्या दातात भरायचा, आठवडाभर तिची हिरडी पाहायचा, मगच माणसाला हात लावायचा. त्यानं बकरीचा ओठ अंगठ्यानं खाली ओढला. हिरडी कोळशासारखी काळी पडली होती.

मी जास्तच पेटलो. "मुक्या जनावराचं तोंड जाळलं तुनं."

भिजवलेल्या पाल्याचं एकेक पान तिला भरवत तो म्हणाला, "हाव. तुमचं वाचलं."