चार बोटं उन्हाची

धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, काहून लिहून राहिला ते? माणूस गेला, रायफल गेली, आता उकरायचं काय?" त्याला पटलं नाही तरी मी लिहिणार आहे.

निजामाच्या राज्यात आमच्या घरी परवान्याची रायफल होती. पावसाळ्यात काडतुसं ओल धरायची, म्हणून आई उन्हाळ्यात ती पापडांशेजारी पितळी परातीत वाळत घालायची. तांड्यावरचा एक म्हातारा शिकारीत आमच्यासाठी जनावर हाकायचा. जवानीत त्यानं सरहद्दीच्या डोंगरात पलटणीची चाकरी केलेली. एका वैशाखात डुकरं विहिरीवरच्या उसात शिरली. मी परातीतलीच काडतुसं उचलली, तर हाताला चटका बसला.

"मालक, सावलीत निवू द्या," म्हातारा म्हणाला. "दारू तापली की गोळी जोरानं सुटते, वर लागते. उंच डोंगरातबी तसंच. हवा पातळ, गोळीला अडवत न्हाई. तुमी रायफलीचा नेम बसवला थंडीच्या दिसात."

"तू हाकायचं बघ. नेम माझा मी बघतो."

डुक्कर तीनशे पावलांवर, बांधाच्या अलीकडे थांबलं. मी पाठीच्या कण्यावर नेम धरला. गोळी चार बोटं वरून गेली आणि बांधावर चढत असलेल्या म्हाताऱ्याच्या कोपरात घुसली. हात कापावा लागला.

अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, चौकशीला आले. वडिलांनी म्हाताऱ्याचीच विद्या त्यांच्यापुढे ठेवली. "उन्हानं गोळी चढली, साहेब. पोराचा काय कसूर?" साहेबांनी "बराबर" म्हणून तसंच लिहून घेतलं. खाली मी सही केली.

म्हातारा ओसरीच्या पायरीशी बसून सगळं ऐकत होता. "गोळी चढली, व्हय," तो मला म्हणाला. "पण मालक, माझं पागोटं तर लाल होतं."

ते मला दिसलं होतं. घोडा दाबण्याआधी दिसलं होतं. डुक्कर निसटेल म्हणून मी थांबलो नाही.

चार बोटं उन्हाची, हे आजही मानतो. पण समोर माणूस दिसत असताना घोडा उन्हानं दाबला नाही. घराण्याचं नाव जाणार असेल तर जाऊ दे. म्हाताऱ्याची नातवंडं आता शाळा शिकली आहेत. भाऊ काहीही म्हणो, हा कागद आधी त्यांच्या हातात पडेल.