रुमालाखालचा भाव

सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा करताना व्यापारी आजही माझा हात रुमालाखाली घेतो आणि बोटं दाबून भाव सांगतो. त्या कापडाला घामाचा नि घोड्याच्या अंगाचा वास आला, की मला इंग्रजांच्या काळातली आमच्या गावची चावडी आठवते.

पुण्याचे एक साहेब मजुरांच्या जगण्याचा अभ्यास करायला आले होते. त्यांनी सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं, पाटलांना शेजारी खुर्ची दिली आणि विचारलं, "गावात वेठ चालते का?"

मी तेव्हा नुकता घोड्यांच्या धंद्यात उतरलो होतो. उठून त्यांच्या कानाशी लागलो, "साहेब, एकेकाला बाजूला घ्या. आम्ही घोड्याचा भावसुद्धा चारचौघांत सांगत नाही."

ते हसून म्हणाले, "इथे काही बाजार भरलेला नाही."

माझं डोकं फिरलं. पण तोवर माझे चुलते दगाकाका बोलून गेले, "शे ना, भाऊ. दर सुगीले पाटीलना खळामा फुकट राबनं पडस."

काकांच्या शेजारचा माणूस हळूच सरकून बसला. पाटील मायेनं म्हणाले, "बरं झायं दगा, तू सांगं ते."

तेव्हा मला वाटलं, थोडक्यात निभावलं. आज तो मऊ आवाज आठवला, की अंगावर काटा येतो.

साहेब आभार मानून निघून गेले. होळीच्या आत काकांचं खळं पेटलं. ते कोणी पेटवलं, हे विचारायला मात्र कुठलाच साहेब आला नाही.